तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी नंदी घरी करताना

विदर्भात श्रावणी अमावास्येला पोळा झाला की दुसऱ्या दिवशी, म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, तान्हा पोळा भरतो. आदल्या दिवशी खऱ्या बैलांना मिळालेला मान त्या दिवशी मुलांच्या लाकडी बैलांकडे येतो. चाकांवरचे नंदी सजवून मुले तोरणाखाली उभी राहतात आणि नंतर ते नंदी घरोघरी नेऊन बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, गोळा करतात. नागपुरात या प्रथेचे श्रेय दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांना दिले जाते आणि वर्ष १८०६ सांगितले जाते. बाजारात त्या आठवड्यात नंदी हवे तेवढे मिळतात, परंतु त्यांपैकी बऱ्याच नंद्यांची चाके केवळ दाखवण्यापुरती असतात. नातवाला नंदी ओढत न्यायचा असतो, काखेत धरून नव्हे. त्यामुळे घरी नंदी करणाऱ्या आजोबांनी, आणि अर्थात आजींनीही, कोरीवकामापेक्षा लाकडाची निवड आणि चाके या दोन गोष्टींकडे अधिक लक्ष द्यावे, असे माझे मत आहे. येथे दिलेला नंदी साधारण १५ सेंटीमीटर लांब आणि १३ सेंटीमीटर उंच असून तो वीज न वापरता, हातहत्यारांनी चार-पाच दुपारींत पूर्ण होतो.

लाकूड शिवणीचे मिळाल्यास उत्तम. ते वजनाला हलके असते, करवतीला आणि पटाशीला सहज वश होते आणि वाळल्यावर फारसे वाकत नाही. शिवण न मिळाल्यास दारांच्या चौकटी करणाऱ्या सुताराकडे उरलेले सागवानाचे तुकडे चालतात. मात्र सागवानाचा भुसा काहींच्या त्वचेला आणि श्वासाला त्रास देतो, म्हणून तोंडाला फडके बांधावे, आणि सागवान तेलकट असल्याने डिंक लावण्यापूर्वी तो पृष्ठभाग स्पिरिटच्या बोळ्याने पुसावा. प्लायवूड आणि एमडीएफ (लाकडाचा भुगा दाबून केलेली फळी) या कामासाठी घेऊ नये. प्लायवूडच्या कडांना कुसळे निघतात आणि या दोन्हींच्या चिकटद्रव्यात सहसा फॉर्मल्डिहाइड हे घातक रसायन असते. मालाच्या खोक्यांच्या फळ्या फुकट मिळतात, पण त्यांवरचा शिक्का वाचावा: ‘एचटी’ अशी अक्षरे असतील तर लाकूड केवळ तापवून निर्जंतुक केलेले असते, ‘एमबी’ असतील तर त्यावर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते आणि ते खेळण्याला वापरू नये. जुन्या पलंगाचे किंवा खिडकीचे रंगवलेले लाकूड पाहून हात शिवशिवतात, हे मला ठाऊक आहे. तरीही जुन्या तेलरंगात शिसे असण्याचा संभव असतो आणि घासताना तेच घरभर उडते, म्हणून तो मोह टाळावा.

आरामशीनवर जाऊन सहा इंच रुंद, सहा सूत जाड आणि दोन फूट लांब अशी रंधा मारलेली फळी मागावी. सहा सूत म्हणजे पाऊण इंच, सुमारे १९ मिलीमीटर. नंदी, खालची पाटी, आसाचे ठोकळे आणि चाके हे सर्व या एकाच फळीतून निघते. फळी आणल्यावर लगेच कापू नये. किमान तीन आठवडे घरात, भिंतीला न टेकवता, आडवी ठेवावी.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. लाकूड म्हणजे तंतूंची घट्ट बांधलेली मोळी असते. मोळी आडवी मोडणे कठीण, पण काड्या एकमेकींपासून सुट्या करणे सोपे. मी केलेल्या पहिल्या नंदीत हे ध्यानात घेतले नव्हते. बैल आडवा असतो म्हणून फळीही आडवी धरली, त्यामुळे तंतू पाठीच्या दिशेने गेले आणि पायांमधून आडवे आले. नंदी देखणा झाला होता. तो पायरीवरून एकदाच पडला आणि मागचा पाय व एक शिंग कांडी मोडावी तसे मोडून निघाले. म्हणून फळी उभी धरावी आणि बैलाचे चित्र असे काढावे की लाकडाच्या रेषा पायांतून सरळ वर, वशिंडातून आणि शिंगांतून जातील. यात बैलाची लांबी फळीच्या रुंदीत बसवावी लागते, म्हणूनच सहा इंचांची फळी सांगितली आहे. एक अवयव मात्र अशाने कमकुवत राहतो, तो म्हणजे पुढे आलेले तोंड. त्यावर उपाय बैलाच्या अंगातच आहे: गळ्याखालची पोळी भरघोस काढून ती हनुवटीपासून थेट छातीपर्यंत सलग आणली की तोंडाला खालून आधार मिळतो.

चित्र आधी जाड पुठ्ठ्यावर काढून कापून घ्यावे आणि त्याभोवती पेन्सिल फिरवावी. पुढचे दोन पाय मिळून एक आणि मागचे दोन मिळून एक, असे दोनच पाय ठेवावेत आणि प्रत्येक किमान २५ मिलीमीटर रुंद असावा. शिंगे १२ मिलीमीटरपेक्षा बारीक करू नयेत आणि त्यांची टोके बोटाच्या पेरासारखी गोल असावीत. शेपटी सुटी काढू नये. मागच्या पायालगत पटाशीने किंवा तापवलेल्या तारेने एक खोल रेघ ओढली की पुरते. वशिंड मात्र ठळक असू द्यावे, कारण मूल बैल धरते तो तेथेच.

सरळ कडा साध्या करवतीने आणि वळणे अरुंद पात्याच्या फ्रेट सॉने कापावीत. फळी टेबलाच्या कडेला शिकंजात आवळावी आणि वळणावर घाई न करता पाते जागच्या जागी वरखाली चालवत फळी हळूहळू फिरवावी. पोटाखालच्या कमानीसाठी आधी दोन्ही टोकांना छिद्रे पाडून घेतली तर कोपऱ्यात पाते अडकत नाही. नंतर कानशीने सर्व कडा गोल कराव्यात आणि पॉलिश पेपर आधी ८० नंबरचा, मग १२० आणि शेवटी २२० नंबरचा वापरावा. घासणे नेहमी रेषांच्या दिशेने. १२० नंबर झाल्यावर ओल्या फडक्याने लाकूड पुसून वाळू द्यावे. दबलेले बारीक तंतू त्यामुळे उभे राहतात आणि २२० नंबरच्या कागदाने ते कायमचे निघून जातात. हे केले नाही तर मुलाने नंदी तोंडात घातल्याबरोबर तो खरखरीत होतो.

उरलेल्या फळीतून १८ सेंटीमीटर लांब आणि ७ सेंटीमीटर रुंद पाटी कापावी. आसासाठी पाटीच्या जाडीत आडवे छिद्र पाडण्याच्या फंदात पडू नये. हातगिरमिटाने सात सेंटीमीटर सरळ जाणे अनुभवी सुतारालाही अवघड असते आणि छिद्र किंचित तिरके गेले तरी गाडी एका बाजूला ओढते. त्याऐवजी ३ सेंटीमीटर रुंद आणि १५ सेंटीमीटर लांब अशी पट्टी घ्यावी, तिच्या मधोमध लांबीच्या दिशेने १० मिलीमीटर अंतरावर करवतीने दोन समांतर काप १० मिलीमीटर खोल घ्यावेत आणि मधले लाकूड बारीक पटाशीने काढून टाकावे. अशी खाच असलेली पट्टी कापून ७ सेंटीमीटरचे दोन ठोकळे करावेत. ठोकळ्याची खाच वरच्या बाजूला, म्हणजे पाटीकडे, ठेवून तो पाटीखाली डिंकाने चिकटवला की खाचेचे आपोआप भोक होते आणि दोन्ही ठोकळे एकाच पट्टीचे असल्याने उंची तंतोतंत जुळते. चिकटवतानाच दोन्ही आस खाचांत ठेवून त्यांच्यामधले अंतर डावीकडे आणि उजवीकडे पट्टीने मोजावे. अंतर सारखे असेल तरच शिकंजा आवळावा. खाचेत आलेला डिंक तो ओला असतानाच काडीने पुसून घ्यावा आणि आस बाहेर काढून ठेवावेत.

आस ८ मिलीमीटर जाडीचा आणि खाच १० मिलीमीटरची, हा फरक अनेकांना जास्त वाटेल. मलाही वाटला होता. मे महिन्यात नागपुरी उन्हात मी आस भोकात अगदी चपखल बसवला, चाके भिंगरीसारखी फिरत होती आणि मी खूश होतो. श्रावणात दमट हवेने लाकूड फुगले आणि तान्ह्या पोळ्याच्या सकाळी चाके जागची हलेनात. नातवाने नंदी घसरगुंडीसारखा ओढत नेला आणि पाटीखाली डांबरी रस्त्याचे ओरखडे घेऊन परत आणला. लाकूड तंतूंच्या दिशेने जवळजवळ फुगत नाही, पण आडव्या दिशेने फुगते आणि पोळा नेमका पावसाळ्यात येतो. म्हणून हा ढिलेपणा मुद्दाम ठेवायचा असतो.

आसासाठी हार्डवेअरच्या दुकानातली तयार लाकडी दांडी चालते, परंतु विदर्भात बांबूची काय कमतरता? जाड बांबूची चिरफळी चाकूने जवळजवळ गोल करावी आणि ८ मिलीमीटरचे भोक पाडलेल्या लोखंडी पट्टीतून हातोडीने ठोकत पार करावी. दोन-तीन वेळा हे केले की एकसारखी दांडी मिळते. प्रत्येक आस ११२ मिलीमीटर लांब ठेवावा: पाटीचे ७०, दोन चाकांचे मिळून ३८ आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन मिलीमीटर मोकळे.

चाकांसाठी फांदीच्या गोल चकत्या कापणे सर्वांत सोपे दिसते आणि तीच सर्वांत हमखास फसणारी युक्ती आहे. फांदी वाळताना परिघाच्या दिशेने केंद्राच्या दिशेपेक्षा जवळपास दुप्पट आकसते, त्यामुळे चकतीला कडेपासून मध्यापर्यंत भेग पडतेच. चाके फळीतूनच काढावीत. ५० मिलीमीटरचा होल सॉ, म्हणजे गोल चकती कापणारी नळीसारखी करवत, कोणा सुताराकडे असेल तर त्याच्याकडून चार चकत्या काढून घ्याव्यात. आतून निघणारी चकती साधारण ४५ मिलीमीटरची असते आणि तिच्या बरोबर मध्यावर भोक आधीच पडलेले असते, ते ८ मिलीमीटरपर्यंत मोठे करावे. हाताने चाके कापायची असल्यास आधी मध्यबिंदूवर भोक पाडावे आणि नंतर कंपासने वर्तुळ काढून कापावे, उलट क्रमाने नव्हे. चारही चाके एका दांडीवर ओवून एकत्र कानसली की आकार सारखे येतात.

नंदी पाटीवर बसवण्यासाठी खिळे किंवा स्क्रू वापरू नयेत, केवळ डिंकावरही विसंबू नये. पाय पाटीवर ठेवून पेन्सिलीने खूण करावी, पाटीतून आरपार आणि पुढे प्रत्येक पायात २५ मिलीमीटर खोल असे ८ मिलीमीटरचे भोक पाडावे आणि खालून डिंक लावलेली लाकडी खुंटी ठोकावी. खुंटीच्या अंगावर आधी चाकूने एक उभी चीर पाडावी. नाहीतर तळाशी कोंडलेला डिंक आणि हवा खुंटी आत जाऊ देत नाहीत आणि जोर लावला तर पायच उकलतो. २४ तास तसेच राहू द्यावे. त्यानंतर आसाच्या मधल्या भागावर मेणबत्ती घासावी, टोके मात्र कोरडी ठेवावीत, आस खाचेतून घालून चाके डिंकाने आसालाच पक्की करावीत. चाक आसावर फिरत नाही, आस खाचेत फिरतो. त्यामुळे चाक सुटून पडण्याची भीती बरीच कमी होते.

रंगाबाबत थोडक्यात. नंदी पांढराशुभ्रच हवा असा नातवाचा हट्ट नसेल तर लाकडाचा रंगच राहू द्यावा. खाण्याचे शुद्ध जवसाचे तेल फडक्याने पातळ लावून तासाभराने पुसावे आणि असे तीन हात आठवड्याच्या अंतराने द्यावेत. म्हणून काम पोळ्याच्या किमान दीड महिना आधी संपले पाहिजे. दुकानातले ‘उकळलेले’ जवसाचे तेल घेऊ नये, त्यात लवकर वाळण्यासाठी धातूंची संयुगे मिसळलेली असतात. शेंगदाण्याचे तेल वाळतच नाही आणि खवट होते. जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून ठेवल्यास ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात, त्यामुळे ती दोरीवर पसरून वाळवावीत. हळद आणि बीट यांचे रंग मी वापरून पाहिले. दोन्ही उन्हात उतरतात. रंग द्यायचाच असेल तर मुलांच्या खेळण्यांसाठी असल्याचे डब्यावर छापलेला पाण्याचा रंग आणावा. भारतात घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) करणारा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे, तेव्हा माळ्यावरचा त्याआधीचा डबा उघडू नये.

मूल तीन वर्षांपेक्षा लहान असेल तर सजावटीला कात्री लावावी. घुंगरू, काचेचे डोळे आणि मणी हे सर्व गिळले जाऊ शकते. खेळण्यांच्या सुरक्षेसाठीच्या चाचणीत ३१.७ मिलीमीटर व्यासाची एक नळी वापरतात आणि तिच्यात मावणारा सुटा भाग तीन वर्षांखालील मुलासाठी धोकादायक मानतात. जुन्या कॅमेऱ्याच्या रिळाची प्लास्टिकची डबी घरात असेल तर तिचा व्यास जवळपास तेवढाच असतो. आपले ४५ मिलीमीटरचे चाक तिच्यात जात नाही. डोळे तापवलेल्या खिळ्याने डाग देऊन करावेत. झूल कापडाची असावी व पोटाखाली शिवून टाकावी. बेगड पोळ्याच्या सकाळी लावावी आणि संध्याकाळी काढावी. ओढण्याची दोरी जाड सुती असावी आणि ती पाटीच्या पुढच्या कडेतील भोकातून ओवून गाठ मारावी. तान्ह्या मुलासाठी ती ३० सेंटीमीटरपेक्षा लांब नको, टोकाला फास नको, आणि झोपताना नंदी त्याच्या अंथरुणात नको.

नातवाच्या हाती देण्यापूर्वी प्रत्येक चाक चिमटीत धरून जोराने ओढून पाहावे, शिंगे अंगठ्याने दाबावीत आणि नंदी गुडघ्याच्या उंचीवरून फरशीवर दोनदा सोडावा. काही निखळायचे असेल तर ते आपल्यासमोर निखळू द्यावे. खुंटी पुन्हा ठोकता येते. पोळा झाल्यावर चाकांतला चिखल कोरड्या ब्रशने काढावा, पाण्यात बुडवून धुऊ नये, आणि पुढच्या आषाढात तेलाचा एक हात द्यावा. दोन-तीन वर्षांनी आस झिजून चाके डगमगू लागली तर आस चाक आणि पाटी यांच्यामधल्या फटीत बारीक करवतीने कापून काढावा आणि नवी दांडी व नवी चाके बसवावीत. त्यासाठी फळीचा उरलेला तुकडा जपून ठेवावा.