कॉम्प्युटरवर स्क्रीनशॉट कसा घ्यावा: कीबोर्डवरच्या बटणांनी, मोबाईलने फोटो न काढता

मुंबईतल्या काकांना गावच्या जमिनीचा सातबारा हवा असतो. घरातलं कुणीतरी कॉम्प्युटरवर महाभूलेख ही जमिनीच्या नोंदींची सरकारी वेबसाइट उघडतं, कोकण विभाग, जिल्हा, तालुका, गाव निवडून सातबारा काढतं, आणि मग मोबाईल समोर धरून मॉनिटरचा फोटो काढतं. तो फोटो फॅमिली ग्रुपवर पोचतो तेव्हा त्यावर रंगीत लाटांसारख्या रेघा असतात, मधोमध ट्यूबलाइटची चमक असते आणि नावं वाचता येत नाहीत. कॅमेऱ्यातल्या बारीक ठिपक्यांची जाळी आणि स्क्रीनच्या ठिपक्यांची जाळी एकमेकींवर नीट बसत नाहीत, म्हणून त्या रेघा येतात. मोबाईल कितीही महागाचा असला तरी त्या टळतील असं नाही.

आपल्याकडच्या सातबाऱ्यावर हा धूसरपणा परवडत नाही. एकेका गटावर चुलते, चुलतभाऊ, लग्न होऊन गेलेल्या आत्या अशी नावांची रांग असते. कुठल्या नावाला कंस झालाय आणि कुठलं चालू आहे, शेजारी बारीक आकड्यांत फेरफार क्रमांक कुठला आहे, इतर अधिकारात कुळाची नोंद आहे का, सगळं त्या बारीक अक्षरांतच असतं. स्क्रीनशॉटमध्ये यातलं अक्षर न् अक्षर जसंच्या तसं उतरतं, कारण तो फोटो नसून स्क्रीनवरच्या चित्राचीच नक्कल असते. आणि त्यासाठी दोन-तीन बटणंच दाबायची असतात.

विंडोज कॉम्प्युटर असेल तर

आधी प्रिंट स्क्रीनचं बटण शोधा. कीबोर्डच्या सगळ्यात वरच्या ओळीत, एफ १२ च्या उजवीकडे ते सहसा सापडतं. जागा कमी असल्याने त्यावर ‘पीआरटी एससी’ एवढीच इंग्रजी अक्षरं छापलेली असतात. बऱ्याच लॅपटॉपवर त्याच बटणाला दुसरंही काम दिलेलं असतं, अशा वेळी डाव्या कोपऱ्यातलं ‘एफएन’ बटण सोबत दाबावं लागतं. काही लॅपटॉपवर हे बटणच नसतं. त्यांच्यासाठी पुढे दुसरा मार्ग दिलाय, आणि माझ्या मते रोजच्या कामाला तोच जास्त सोयीचा आहे.

अख्खी स्क्रीन लगेच फाइल म्हणून सेव्ह करायची असेल तर असं करा:

१. हवं ते पान किंवा खिडकी समोर आणा.
२. विंडोज बटण दाबून धरा. चौकटीचं चिन्ह असलेलं, डाव्या ऑल्टच्या शेजारचं.
३. ते न सोडता प्रिंट स्क्रीन एकदा दाबा. बऱ्याच कॉम्प्युटरवर स्क्रीन क्षणभर अंधारते, म्हणजे काम झालं.
४. फाइल एक्सप्लोररमध्ये ‘पिक्चर्स’ उघडा आणि त्यात ‘स्क्रीनशॉट्स’ फोल्डर बघा. वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण, चालू असेल तर हाच फोल्डर वनड्राइव्हच्या पिक्चर्समध्ये असू शकतो.

विंडोज बटण सोडून नुसतं प्रिंट स्क्रीन दाबलं तर जुन्या विंडोजवर फाइल बनत नाही. चित्र क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या आठवणीत राहतं आणि पेंट, वर्ड किंवा ईमेलमध्ये कंट्रोल व्ही करून पेस्ट करावं लागतं. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्यांत तेच बटण दाबल्यावर थेट कापायचं साधन उघडतं. हे नको असेल तर सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी, मग कीबोर्ड, इथे जाऊन बंद करता येतं.

क्लिपबोर्ड आणि फाइल हा फरक कोकणात पावसाळ्यात तर पक्का लक्षात ठेवायला हवा. झाडाची फांदी तारांवर पडली की लाईट जाते. टेबलावरच्या कॉम्प्युटरला इन्व्हर्टर किंवा यूपीएस नसेल तर क्लिपबोर्डवरचं चित्र त्याच क्षणी गेलं. फाइल झालेलं चित्र डिस्कवर असतं, लाईट आली की ते जिथल्या तिथे सापडतं. म्हणून जे पुन्हा मिळण्याची खात्री नाही त्याच्यासाठी डोळे मिटून विंडोज आणि प्रिंट स्क्रीन हीच जोडी वापरा.

हवा तेवढाच भाग कापून घ्यायचा असेल तर

विंडोज, शिफ्ट आणि एस. तिन्ही एकत्र. प्रिंट स्क्रीन बटण नसलं तरी हे चालतं, आणि विंडोज १० व ११ दोन्हींवर चालतं. सातबाऱ्याचंच उदाहरण घेऊ.

सातबारा वेगळ्या खिडकीत उघडतो. पहिल्यांदा कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह दाबून अक्षरं मोठी करा, इतकी की फेरफार क्रमांक पाठीमागे टेकून बसल्यावरही वाचता यावा. स्क्रीनवर जे बारीक दिसतं ते स्क्रीनशॉटमध्येही बारीकच येणार, नंतर ताणलं तर अक्षरं फुटतात. मग डाव्या हाताने विंडोज आणि शिफ्ट धरून एस दाबा. स्क्रीन थोडी काळपट होते आणि वर छोटी पट्टी येते. तिथे चौकोन, हाताने काढलेला आकार, एक खिडकी किंवा पूर्ण स्क्रीन असे पर्याय असतात. चौकोन निवडा, सातबाऱ्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यावर माउसचं डावं बटण दाबून धरा, तसंच खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत ओढत न्या आणि सोडा. गाव, तालुका आणि गट क्रमांक लिहिलेली वरची ओळ चौकोनात आलीच पाहिजे. नुसती नावं कापून पाठवली तर पाहणाऱ्याला जमीन कुठली तेच कळत नाही.

सोडल्यावर कोपऱ्यात छोटी सूचना येते. तिच्यावर क्लिक केलं की स्निपिंग टूल (विंडोज १० मध्ये स्निप अँड स्केच) उघडतं. तिथे पेनाने गोल करता येतो, कापता येतं आणि कंट्रोल एस करून हव्या त्या फोल्डरमध्ये सेव्ह करता येतं. सूचना दिसली नाही तरी चित्र क्लिपबोर्डवर असतंच. व्हॉट्सअ‍ॅप वेबवर काकांचं चॅट उघडा, कंट्रोल व्ही करा, चित्र समोर येईल. विंडोज ११ बहुतेक वेळा त्याची फाइलही आपोआप स्क्रीनशॉट्स फोल्डरमध्ये ठेवतं, विंडोज १० मध्ये ती आपण ठेवायची.

एकामागून एक तीन-चार तुकडे कापले आणि पहिला हवा असेल तर विंडोज आणि व्ही दाबा. क्लिपबोर्डचा इतिहास उघडतो. पहिल्यांदा तो चालू करायला सांगतो, मग शेवटच्या २५ गोष्टींपर्यंत लक्षात ठेवतो. कॉम्प्युटर बंद केला की पिन न केलेल्या गोष्टी जातात.

एकच खिडकी हवी असेल तर तिच्यावर एकदा क्लिक करून ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन दाबा. मागचा डेस्कटॉप, खालची पट्टी यातलं काही येत नाही. हे चित्रही क्लिपबोर्डवर जातं, म्हणून लगेच पेस्ट करा. आणि बटण दाबताच मिटून जाणारा मेनू टिपायचा असेल तर स्निपिंग टूल आधी उघडून त्यात काही सेकंदांचा उशीर लावा, तेवढ्या वेळात मेनू उघडून ठेवा.

कधी पूर्ण स्क्रीन, कधी तुकडा

माहिती द्यायची असेल तर तुकडा. तक्रार करायची असेल तर पूर्ण स्क्रीन.

गणपतीच्या गाड्यांचं आरक्षण घ्या. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण ६० दिवस आधी मिळतं आणि सकाळी ८ वाजता बुकिंग उघडतं. कोकणकन्या किंवा तुतारीची तिकिटं बघता बघता वेटिंगवर जातात. त्या गडबडीत खात्यातून पैसे कापले गेले आणि तिकीट आलं नाही, तर स्क्रीनवरचा तो संदेश पुन्हा दिसत नाही. पान रिफ्रेश करू नका, मागे जाऊ नका. आधी विंडोज आणि प्रिंट स्क्रीन. त्यात व्यवहार क्रमांक, वरचा वेबसाइटचा पत्ता आणि खालच्या कोपऱ्यातली तारीख-वेळ तिन्ही येतात. बँकेशी किंवा रेल्वेशी बोलताना हेच तिन्ही उपयोगी पडतं.

समुद्राच्या अंदाजाबाबत मला कळकळीने सांगायचंय. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी संपते आणि ऑगस्टमध्ये होड्या पुन्हा पाण्यात उतरतात. हवामान खात्याचे रंगीत इशारे आणि हैदराबादच्या इन्कॉईस संस्थेचे उंच लाटांचे अंदाज गावोगावच्या ग्रुपवर फिरतात. ते पाठवताना नकाशा सुंदर दिसावा म्हणून वरची ओळ कापू नका. इशारा कधी दिला, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत लागू आहे आणि कुठल्या जिल्ह्याला, हे चौकोनात असलंच पाहिजे. तारीख नसलेला इशारा चार दिवसांनी पुन्हा फिरला की कुणी उगाच बंदरात थांबतो, आणि पुढचा खरा इशारा आला की त्यावर विश्वास बसत नाही.

पान स्क्रीनपेक्षा लांब असेल तर

आठ-दहा खातेदारांचा सातबारा एका स्क्रीनवर मावत नाही. तुकडे जोडत बसू नका. फायरफॉक्स आणि एज या ब्राउझरमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस दाबलं की पूर्ण पान टिपायचा पर्याय मिळतो. क्रोममध्ये थोडी खटपट आहे: कंट्रोल शिफ्ट आय दाबा, बाजूला तांत्रिक मजकुराचा कप्पा उघडेल. तिकडे न बघता कंट्रोल शिफ्ट पी दाबा, आलेल्या रकान्यात इंग्रजीत स्क्रीनशॉट टाइप करा आणि ‘कॅप्चर फुल साइज स्क्रीनशॉट’ निवडा. फाइल डाउनलोड्समध्ये जाते. हे जड वाटलं तर कंट्रोल पी करून प्रिंटरच्या जागी ‘सेव्ह अ‍ॅज पीडीएफ’ निवडा, कागदपत्रासाठी ते कितीतरी वेळा जास्त बरं पडतं.

मात्र असा सातबारा फक्त बघण्यापुरता. बँकेत किंवा कचेरीत द्यायचा असेल तर १५ रुपये भरून डिजिटल सहीचा काढा. त्याच्या जागी स्क्रीनशॉट चालत नाही.

मॅक आणि उबुंटू

मॅकवर कमांड, शिफ्ट आणि ३ म्हणजे पूर्ण स्क्रीन, ४ म्हणजे हवा तो भाग. ४ दाबल्यावर स्पेसबार दाबला तर कर्सरचा कॅमेरा होतो आणि ज्या खिडकीवर क्लिक कराल तेवढीच येते. ५ दाबलं तर सगळे पर्याय असलेली पट्टी उघडते, २०१८ च्या मोहावे आवृत्तीपासून. फाइल डेस्कटॉपवर पडते, कंट्रोलही सोबत धरलं तर क्लिपबोर्डवर जाते. उबुंटू या लिनक्स प्रणालीच्या २२.०४ आणि पुढच्या आवृत्त्यांत प्रिंट स्क्रीन दाबलं की निवडायची चौकट येते, शिफ्टसोबत दाबलं तर पूर्ण स्क्रीन, ऑल्टसोबत दाबलं तर चालू खिडकी.

पाठवण्याआधी

स्क्रीनशॉट एकदा नीट बघा. ब्राउझरच्या वरच्या टॅबवर दुसरं काही उघडं होतं का? कोपऱ्यात कुणाचा मेसेज आला होता का? आधारचे पहिले आठ अंक, खाते क्रमांक, मोबाईल नंबर झाका. ग्रुपवर टाकणार असाल तर तिकिटाचा पीएनआरही झाका. झाकायला पेंटमध्ये गडद रंगाने भरलेला चौकोन वापरा. हायलाइटरचा रंग पारदर्शक असतो, त्याखालचे आकडे दिसतात. आणि विंडोज अपडेट करत राहा: कापून सेव्ह केलेल्या चित्रात मूळ भाग शिल्लक राहण्याचा दोष विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमध्ये २०२३ साली सापडला होता, मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी तो दुरुस्त केला.

फाइलला ओळखू येईल असं नाव द्या. फाइलवर एकदा क्लिक करून एफ २ दाबा आणि गावाचं नाव, गट क्रमांक आणि तारीख लिहा. व्हॉट्सअ‍ॅपवर बारीक अक्षरांचं चित्र फोटो म्हणून न पाठवता पिनेच्या किंवा अधिकच्या चिन्हातून डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे ते दाबून लहान केलं जात नाही आणि काकांना मोबाईलवर बोटांनी मोठं करून फेरफार क्रमांक वाचता येतो.