हरलेला डाव तपासायचा कसा

बुद्धिबळात हरल्यावर डाव मोबाइलवर भरायचा, इंजिन (चाली तपासणारा प्रोग्राम) लावायचं, लाल प्रश्नचिन्ह दिसलं की 'इथेच गेला' म्हणायचं आणि मोबाइल खिशात टाकायचा. असं केलं की पुढच्या स्पर्धेत तीच चूक पुन्हा होते. चूक कुठे झाली ते इंजिन सांगतं. ती का झाली हे फक्त खेळणाऱ्याला ठाऊक असतं आणि दोन-तीन दिवसांत तोही विसरतो. म्हणून आधी आठवण, मग पट, आणि इंजिन सगळ्यात शेवटी.

तयारी डाव चालू असतानाच करावी लागते. स्कोअरशीटवर (चाली लिहायच्या कागदावर) चालींसोबत घड्याळातली वेळ लिहायला फिडेचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ संघटनेचे, नियम परवानगी देतात. दर पाच चालींनी उरलेली मिनिटं लिहा, आणि एखाद्या चालीला दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ गेला तर तिच्यापुढे हमखास लिहा. ९० मिनिटं आणि दर चालीला ३० सेकंद अशा डावात पंधराव्या चालीलाच २५ मिनिटं उरली असतील, तर पस्तिसाव्या चालीचा घोटाळा बहुतेक वेळा तिथेच पेरला गेलेला असतो.

डाव संपून स्कोअरशीटवर सह्या झाल्या की प्रतिस्पर्ध्याला हॉलबाहेर दहा मिनिटं मागा. कोण बरोबर होतं यावर वाद घालू नका. त्याला फक्त विचारा: तुला कुठे अवघड वाटलं, माझ्या कुठल्या चालीची भीती होती, आणि मी काय खेळेन असं वाटलं होतं? तुम्ही ज्या स्थितीत हातपाय गाळलेत तिथे समोरचाही धास्तावलेला होता, हे अनेकदा इथेच कळतं.

त्याच रात्री चालींपुढे आपले विचार लिहून काढा: कुठली दुसरी चाल मनात होती, ती का टाकली, कशाची भीती वाटली. मोडकी वाक्यं चालतील, पण खरी हवीत. 'नुसती मारामारी संपवायची होती' असं वाटलं असेल तर तसंच लिहा. हातातली कार्बन प्रत पुसट असते, म्हणून चालीही लगेच स्वच्छ उतरवा. सगळ्यात जास्त गोंधळ दोन घोडे किंवा दोन हत्ती एकाच घरात जाऊ शकतात तिथे होतो. सकाळी पुढचा राउंड असेल तर वीस मिनिटांत एवढंच करा आणि झोपा. बाकीचं स्पर्धा संपल्यावर.

मग निवांत तासभर काढा, खरा पट मांडा आणि इंजिनाशिवाय डाव चालवा. प्रत्येक चालीवर थांबायची गरज नाही. तीन-चार वळणं शोधा: मोहऱ्यांची अदलाबदल झाली ती जागा, प्याद्यांची रचना बदलली ती, जिथे खूप वेळ गेला ती, आणि जिथे पहिल्यांदा 'आता काय खेळू' असं वाटलं ती. यातली शेवटची जागा बहुतेकांच्या नजरेतून सुटते, आणि खरं कारण पुष्कळदा तिथेच असतं.

कारण किती खोल खणायचं ते एका साध्या उदाहरणात पाहू. फ्रेंच डिफेन्स ही डावाची एक सुरुवात, तिचा अ‍ॅडव्हान्स प्रकार (× म्हणजे मारणं): १. ई४ ई६ २. डी४ डी५ ३. ई५ सी५ ४. सी३ घोडा सी६ ५. घोडा एफ३ वजीर बी६ ६. उंट डी३ सी×डी४ ७. सी×डी४, आणि काळा खेळतो घोडा×डी४. पुढे ८. घोडा×डी४ वजीर×डी४ ९. उंट बी५ शह. उंट बाजूला होताच डी-पट्टी उघडते आणि डी१ वरचा वजीर काळ्या वजिरावर येतो. वजीर गेला, बदल्यात एक उंट आणि एक प्यादं.

वहीत 'टॅक्टिक (छोटा डावपेच) दिसली नाही' लिहून काही मिळत नाही. काळ्याने काय मोजलं असेल ते पाहा. डी४ वर हल्ला दोघांचा, घोड्याचा आणि वजिराचा. बचावाला फक्त एफ३ चा घोडा, कारण पांढऱ्या वजिरासमोर त्याचाच उंट उभा आहे. दोनास एक, म्हणजे प्यादं फुकट! मोजणी बरोबरच होती, पण मारामारी संपली तिथेच थांबली. त्यापुढचा एक शह पाहायचा राहिला. मग वहीत जायला हवं ते असं: 'अदलाबदल संपल्यावर समोरच्याचे सगळे शह पाहिले नाहीत.' आधी ७...उंट डी७ खेळलं असतं तर बी५ वरून शहच बसला नसता आणि डी४ वर खरा दबाव आला असता.

आता इंजिन. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर स्टॉकफिश हे इंजिन फुकट चालतं. चालींच्या तीन पर्यायी ओळी दिसतील असं ठेवा. इंजिनच्या आकड्यातले अर्ध्या प्याद्याहून कमी चढ-उतार सोडून द्या, त्याने क्लबच्या पातळीवरचे डाव हरत नाहीत. तुमच्या टिपा आणि इंजिन जिथे वेगळं बोलतात तेवढ्याच जागी थांबा आणि तुम्ही टाकून दिलेली चाल स्वतः खेळून पाहा. इंजिन तिला कसं उत्तर देतं त्यातच शिकायचं असतं. सुचवलेल्या चालीचं कारण पाच मिनिटं डोकं लढवूनही कळलं नाही, तर ती सोडा. पटावर राजे आणि प्यादी धरून सात किंवा कमी मोहरे उरले असतील तर टेबलबेस (अशा स्थितींच्या आधीच काढून ठेवलेल्या उत्तरांचा साठा) अचूक निकाल देतो: बरोबरीचा हत्ती-एंडगेम नेमक्या कुठल्या चालीला हातातून गेला ते तिथे पाहा.

सोव्हिएत जगज्जेता बोटविन्निक १९५७ मध्ये स्मिस्लॉवकडून आणि १९६० मध्ये तालकडून जगज्जेतेपद हरला, आणि दोन्ही वेळा पुढच्याच वर्षी त्याने ते परत घेतलं. स्वतःच्या डावांची निर्दयपणे चिकित्सा करण्यासाठी तो ओळखला जायचा.

प्रत्येक हरलेल्या डावातून दोन-तीन स्थिती निवडा, उत्तर न लिहिता लिचेसच्या स्टडीत (स्थिती साठवायच्या वहीत) ठेवा आणि महिन्याभराने कोऱ्या मनाने सोडवा. शेजारी कारण एका शब्दात लिहा: मोजणी, धोका, ओपनिंग, एंडगेम, वेळ. दहा डाव झाले की हे शब्द मोजा. 'वेळ' सर्वाधिक असेल तर ओपनिंगची नवी पुस्तकं आणून काही होणार नाही. पुढच्या स्पर्धेत विसाव्या चालीला निम्मी मिनिटं शिल्लक राहतील असं बघा. 'एंडगेम' पुढे असेल तर हत्तीचे मूळ बचाव आधी पक्के करा, बाकी सगळं नंतर.