‘काही करत नाही हो तो!’ आणि कुत्रं फिरवतानाच्या बाकी चुका

सकाळी साडेसहा ते आठ या वेळात पुण्यात कोथरूड-कर्वेनगरच्या कुठल्याही आतल्या रस्त्यावर उभं राहा, रोज तोच तमाशा. एकीकडून कोणाचा तरी लॅब्रेडॉर, म्हणजे लॅब, मालकाला ओढत येतोय, समोरून पग, मधे गल्लीतली चार कुत्री उठून उभी, आणि माणसं एकमेकांकडे बघून हसतायत. आधी हसणं, मग ओढाताण, मग भुंकाभुंकी, मग "तुमचाच आधी अंगावर आला". माझ्याकडे चिंगी आहे, इंडी म्हणजे आपली देशी कुत्री, दुसरं कुत्रं अगदी तोंडाजवळ आलेलं तिला खपत नाही, त्यामुळे हा विषय मी हौसेने नाही, नाइलाजाने शिकले. आणि इतकी वर्षं बघून माझं मत झालंय की यातली निम्मी भांडणं माणसांच्या भिडेपायी होतात. समोरच्याला नको कसं म्हणायचं, वाईट दिसेल, म्हणून आपलं कुत्रं पुढे करतात. भीड भिकेची बहीण म्हणतात, इथे तर टाके पडतात.

पट्ट्यावरच्या दोन कुत्र्यांना समोरासमोर आणून ‘हॅलो’ करायला लावणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, त्यामुळे हिच्यावर जरा जास्त बोलणार.

मोकळी कुत्री एकमेकांना भेटतात ती कधीच नाकासमोर सरळ चालत येऊन भेटत नाहीत. थोडं वळसा घालून, बाजूने, आधी मागचा वास, मग पुढे काय ते. आपण काय करतो, अरुंद फुटपाथवर दोघांना सरळ रेषेत आणतो, वर पट्टा ताणून धरतो. पट्टा ताणला की कुत्र्याची छाती वर उचलली जाते, मान ताठ होते, वजन पुढच्या पायांवर येतं. समोरच्या कुत्र्याला ते आव्हानच वाटतं. त्यात पळून जायची सोय नाही हे दोघांनाही कळतं. मग जे व्हायचं ते होतं आणि मालक म्हणतो "अरे, घरी तर असा नाहीये हा".

आणि कृपा करून शेपूट हलतेय म्हणजे खूश आहे हे डोक्यातून काढा. सैल अंगाने, कंबरेपासून हलणारी शेपूट वेगळी आणि वर ताठ करून बारीक थरथरल्यासारखी हलणारी शेपूट वेगळी. तोंड एकदम बंद होणं, अंग गोठणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, काही खाल्लं नसताना ओठ चाटणं, ही सगळी आधीची पत्रं असतात, चावा शेवटचा. पण मालक मोबाईलमध्ये.

आता किस्सा. आमच्या इथल्या बागेमागच्या गल्लीत एक गृहस्थ लॅब घेऊन यायचे, पट्टा असायचा पण त्यांच्या गळ्यात. लॅब स्वभावाने खरंच गोड, पण दुसरं कुत्रं दिसलं की धावत जाऊन थेट तोंडात तोंड घालायचं ही सवय. त्या दिवशी मी चिंगीला घेऊन वळणावरून आले आणि तो आला सुसाट. मागून पन्नास पावलांवरून नेहमीचा मंत्र, "घाबरू नका ताई, काही करत नाही हो तो!" मी ओरडले, "माझी करते!" त्यावर ते हसले. चिंगी आधी माझ्या मागे गेली, मग गोठली, मग गुरगुरली, म्हणजे तिने रीतसर सगळ्या नोटिसा दिल्या. लॅबने एकही वाचली नाही, डोकं तिच्या मानेवर ठेवलं. पुढचं दोन सेकंदांत झालं. लॅबच्या कानाची कड फाटली. कानाला लागलं की रक्त किती येतं हे ज्यांनी बघितलंय त्यांना कळेल, त्यात लॅबने डोकं झटकलं, बागेच्या पिवळ्या भिंतीवर, माझ्या कुर्त्यावर, कोणाच्या तरी पांढऱ्या ॲक्टिव्हावर सगळीकडे शिंतोडे. जखम बोटभर पण दिसायला खून झाल्यासारखं. आणि गृहस्थ काय म्हणाले? "एवढी चावरी कुत्री आहे तर बाहेर कशाला आणता?" पट्टा अजून त्यांच्याच गळ्यात होता हं.

‘काही करत नाही’ हे तुमच्या कुत्र्याबद्दल झालं. समोरचं कुत्रं म्हातारं असेल, आजारी असेल, ऑपरेशन झालेलं असेल, भेदरलेलं असेल, त्याचं काय? शिवाय कायदा तुमच्या कुत्र्याचा स्वभाव विचारत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली आपल्या ताब्यातल्या प्राण्याबाबत निष्काळजीपणा करून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होईल असं वागलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

मी काय करते? समोरून कुत्रं दिसलं की रस्ता बदलते, संपलं. रस्ता ओलांडायला जागा नसेल तर दोन पार्क केलेल्या गाड्यांच्या मधे शिरते, चिंगीचं तोंड माझ्याकडे, आणि समोरचा जाईपर्यंत तिला उकडलेल्या चिकन लिव्हरचे बारीक तुकडे एकेक करून देत राहते. बिस्कीट नको, त्या प्रसंगाला बिस्कीट पुरत नाही. आणि हो, ‘सिट, सिट’ करत तिला समोरच्या कुत्र्याकडे तोंड करून बसवत नाही, बसून टक लावून बघितलं की तापमान वाढतंच. जमेल तिथे हलत राहायचं.

माणूस ऐकत नसेल तर माझ्याकडे रामबाण वाक्य आहे. "हिला स्किन इन्फेक्शन झालंय, तुमच्याला लागेल." खोटं आहे, बेधडक बोलते. ‘माझी चावते’ म्हटलं की लोकांना चेव येतो, आपण किती डॉगलव्हर ते दाखवायला हात पुढे करतात, ‘लागेल’ म्हटलं की आपोआप पट्टा आखडतो.

गुरगुरलं म्हणून कुत्र्याला फटका मारणं

दुसरी लाडकी चूक. चारचौघांत आपलं कुत्रं गुरगुरलं की लाज वाटते, लगेच पट्ट्याला हिसका, नाहीतर थोबाडीत. अहो, गुरगुरणं म्हणजे तो सांगतोय की मला हे नकोय, लांब व्हा. ते दाबलं तर भीती जात नाही, फक्त सूचना जाते. मग एक दिवस न गुरगुरता चावतो आणि सगळे म्हणतात, अचानक चावला. शिवाय दरवेळी दुसरं कुत्रं दिसलं की मान आवळली जाते हा हिशेब कुत्र्याच्या डोक्यात पक्का बसतो, दुसरं कुत्रं म्हणजे दुखणं.

यात भर घालतात ते रीलवाले. गळ्यात काट्यांचा पट्टा लावा, दोन दिवसांत फरक बघा. आणि ‘पंधरा दिवसांत सरळ करून देतो’ वाले ट्रेनर. त्या पंधरा दिवसांत कुत्रं गप्प होतं, सरळ होत नाही, हे तिसऱ्या महिन्यात कळतं तेव्हा पैसे देऊन झालेले असतात. नवीन लोकांना सगळं लगेच हवं असतं. रविवारी दत्तक आणलं, सोमवारी गल्लीत फिरवलं, मंगळवारी ‘हा का भुंकतो’ म्हणून विचारणा. त्या बिचाऱ्याला अजून घरातला मिक्सर कसा वाजतो ते माहीत नाही. दोन आठवडे तरी घराच्या आसपास, शांत वेळी, छोट्या फेऱ्या मारा ना.

‘सोशलायझेशन’ म्हणजे दिसेल त्या कुत्र्याला भेटवणं, हाही असाच एक गैरसमज. पिल्लाचा तो काळ साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचा, आणि त्यातही उद्देश हा की त्याने जग बघावं आणि घाबरू नये. रिक्षा, रेनकोट घातलेली माणसं, शाळेची बस, लांबून दिसणारी कुत्री. चार वर्षांच्या कुत्र्याला मित्र नसले तरी त्याचं काही अडत नाही.

गल्लीतली कुत्री अंगावर आली की पळणं

पळालात की मागे येणारच. आणि पळताना आपलं कुत्रं पट्ट्यात पाय अडकवून तुम्हाला पाडणार.

गल्लीतल्या कुत्र्यांची हद्द ठरलेली असते, बहुतेक वेळा तुम्ही त्यांच्या कोपऱ्यापासून दहा-पंधरा पावलं लांब गेलात की ती थांबतात, फक्त भुंकत राहतात. त्यामुळे उभं राहायचं, आपलं कुत्रं मागे, मग न धावता तिरकं निघायचं, पाठ पूर्ण फिरवायची नाही, डोळ्याला डोळा लावायचा नाही. मी खिशात मूठभर सुकं खाणं ठेवते, ते त्यांच्या मागच्या बाजूला भिरकावते, ती खाली वास घेत बसतात तोवर आम्ही पुढे. पावसाळ्यात छत्री एकदम उघडणे हा उत्तम उपाय, फक्त आधी घरी आपल्या कुत्र्याला त्या आवाजाची सवय करा, नाहीतर गल्लीतली तिथेच आणि आपलंच पसार. ‘हाड’ म्हणायचं तर एकदाच, जाड आवाजात. किंचाळत हाड-हाड-हाड केलं की सगळीच पेटतात, आपलंही. खाली वाकून दगड उचलल्याचं नाटक भारतातल्या प्रत्येक कुत्र्याला समजतं हे खरं, पण मी ते अगदी शेवटी ठेवते, कारण रोज त्याच गल्लीतून जायचंय आणि त्यांच्याशी वैर परवडत नाही.

त्यापेक्षा ओळख वाढवा. कुठली टोळी कुठे बसते, त्यातला पुढे येणारा कोण, बाकीचे नुसते कोरस देणारे कोण. कानाची कड कापलेली दिसली तर नसबंदी झालेली आहे, त्याच वेळी रेबीजची लसही दिलेली असते. नियमाप्रमाणे त्यांना नसबंदीनंतर उचलल्या जागीच परत सोडतात, म्हणजे तुमच्या कोपऱ्यावरचा काळू बहुतेक वेळा तिथेच राहणार आहे, जमवून घ्या. रोज खायला घालणाऱ्या ताई असतात त्यांच्याशी बोला, खाण्याची वेळ आणि जागा विचारा आणि ती वेळ टाळा. ताटलीजवळून कुत्रं नेणं म्हणजे मार मागून घेणं.

आणि कॅलेंडर बघा की जरा. भाद्रपद आला की गल्लीचा मूडच बदलतो, ज्यांच्याशी सहा महिने गोडीगुलाबी होती तीही ऐकत नाहीत. त्यातच पुण्यात गणपतीच्या आधी ढोल-ताशा पथकांचा सराव, नदीपात्राच्या बाजूला राहणाऱ्यांना विचारा, संध्याकाळी सगळी कुत्री आधीच तापलेली असतात. मग दिवाळीच्या सुमाराला पार्क केलेल्या गाडीखाली पिल्लं, आणि त्यांची आई. रोज शेपूट हलवणारी ती कुत्री त्या दिवसांत ओळख देत नाही, तो कोपरा महिनाभर सोडून द्या.

लिफ्टचं दार

लिफ्ट उघडते आणि आत-बाहेर नाकाला नाक. यापेक्षा वाईट जागा नाही. दारासमोर उभं राहूच नका, बाजूला भिंतीशी, कुत्रं तुमच्या आणि भिंतीच्या मधे. आत दुसरं कुत्रं किंवा घाबरलेलं मूल असेल तर पुढच्या लिफ्टने जा. सोसायटीला लिफ्टबंदी करता येत नाही, प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत ते आहे, मला पाठ आहे, पण हक्क आहे म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या घामेजलेल्या आजोबांना कोपऱ्यात दाबायचं नसतं. असल्या एका प्रसंगानंतर सोसायटीच्या वार्षिक सभेत जे ऐकावं लागतं ते आपल्या सगळ्यांना ऐकावं लागतं.

पटापट बाकीच्या

आपोआप गुंडाळणारा दोरीचा पट्टा गल्लीत वापरू नका, पाच मीटरवर गेलेलं कुत्रं तुमच्या ताब्यात नसतं आणि ती दोरी पोटरीवरून सरकली की भाजल्यासारखं निघतं. साधा पाच-सहा फुटी पट्टा घ्या.

पट्टा मनगटाला गुंडाळून ठेवू नका.

लहान कुत्र्याला घाबरून डोक्यावर उचलू नका, समोरचं उडी मारून तुमच्याच हाताला धरतं. उचलायचंच तर लांब असतानाच, शांतपणे उचला आणि चालू लागा.

कानात इअरबड्स नको.

कुत्रं खरोखर चावरं असेल तर जाळीचं मझल, म्हणजे तोंडाला लावायची मुसकी, लावा. त्यात पाणी पिता येतं, जीभ बाहेर काढता येते. कापडी घट्ट मझल फिरायला नाही, उन्हात तर अजिबात नाही.

काल मारामारी झाली असेल तर आज त्याच गल्लीत ‘सवय होऊ दे’ म्हणून नेऊ नका. एक-दोन दिवस घराजवळच शी-शू आणि परत.

मारामारी लागलीच तर

तोंडाच्या मधे हात घालू नका, गळ्यातला पट्टा धरायला जाऊ नका. मालकाला लागतं ते बहुतेक वेळा असंच, आपल्याच कुत्र्याकडून. दोन माणसं असतील तर दोघांनी एकाच वेळी आपापल्या कुत्र्याचे मागचे पाय मांडीपाशी धरून उचलायचे आणि मागे मागे जायचं. एकट्याने एकालाच ओढलं तर दुसरा त्याला फाडतो. एकटे असाल तर पाण्याची बाटली, डोक्यावर टाकायला जॅकेट किंवा ओढणी, जवळच्या गाडीचा हॉर्न.

सुटल्यावर केस बाजूला करून बघा. वर सुईएवढं भोक दिसतं, आत मांस चिरडलेलं असतं, चार दिवसांनी पू होऊन मोठी गाठ येते. वर हळद लावून वाट बघत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे.

माणसाला दात लागला असेल, अगदी ओरखडा असला तरी, वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायचं. पंधरा मिनिटं खूप असतात, घड्याळ लावा. तिखट, चुना असलं काही नको. मग रेबीजच्या लसीचं इंजेक्शन, पहिला डोस त्याच दिवशी, पुढचे तारखेप्रमाणे. रक्त आलं असेल तर जखमेतच द्यायचं वेगळं इंजेक्शन असतं, तेही डॉक्टरांना आठवणीने विचारा. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवतात, पण त्या दहा दिवसांची वाट बघून लस सुरू करायची नसते. ‘पाळलेलं आहे, काही होत नाही’ म्हणणाऱ्याच्या कुत्र्याचं लसीचं कार्ड तिथल्या तिथे मागवा, रेबीजच्या पानाचा फोटो काढा, तारीख नीट वाचता येतेय ना बघा. घरी गेल्यावर पाठवतो म्हणणारे फोन उचलत नाहीत.