वायरलेस कार स्टिरिओ घेताना

आधी डॅशबोर्डचा खाचा मोजा. १८० × ५० मिमी म्हणजे सिंगल डिन (डिन हे स्टिरिओच्या ठरलेल्या मापाचं नाव), १८० × १०० म्हणजे डबल. नऊ-दहा इंची स्क्रीनला गाडीच्या मॉडेलप्रमाणे वेगळी फ्रेम लागते. ती हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

खोक्यावर नुसतं 'ब्लूटूथ' असेल तर गाणी आणि कॉल, एवढंच. नकाशा स्क्रीनवर हवा असेल तर 'वायरलेस कारप्ले' (आयफोनसाठी) किंवा 'वायरलेस अँड्रॉइड ऑटो' असं स्पष्ट लिहिलेलं हवं. जोडणी ब्लूटूथने सुरू होते, पण पुढचा सारा भार वायफायवर असतो. अँड्रॉइड फोन असल्यास बहुधा आवृत्ती ११ किंवा पुढची लागते.

'५० × ४ वॉट' हा आकडा कमाल क्षमतेचा. आरएमएस, म्हणजे सतत मिळणाऱ्या ताकदीचा आकडा बघा, तो साधारण २० च्या आसपासच निघतो.

बसवताना मूळ वायरी कापू देऊ नका, कपलर, म्हणजे गाडीच्या मूळ सॉकेटात बसणारा तयार जोड मागा. पिवळी कायम १२ व्होल्टची, लाल किल्ली फिरवल्यावर चालू होणारी, काळी अर्थिंगची. लाल-पिवळी उलट झाली की गाडी बंद करताच घड्याळ आणि स्टेशनं पुसली जातात. दोन्ही कायमच्या सप्लायवर जोडल्या तर बॅटरी उतरते, आणि हे दुकानात कळतच नाही!

माइक मात्र इंदुरात राजवाड्याच्या गर्दीत, काचा थोड्या खाली करून, घरी कॉल लावूनच तपासा.