जेवल्यावर उलटी? 'पित्त झालं' म्हणण्याआधी घड्याळ बघा

आमच्या सांगलीत जेवल्यावर कुणाला मळमळलं की निदान ठरलेलं: "पित्त खवळलंय." मीही त्यातलाच. गेल्या उन्हाळ्यात रात्री फोडणीचा भात खाल्ला आणि दोन तासांत मोरीपाशी जाऊन बसलो. खापर फोडलं संध्याकाळच्या भेळेवर. भात सकाळी दहाचा, पातेल्यात झाकून दिवसभर ओट्यावरच होता, हे डोक्यातही आलं नाही.

शिजवलेल्या भातातही बॅसिलस सेरेयस या जिवाणूचे बीजाणू तग धरतात. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. उलटी साधारण अर्ध्या ते सहा तासांत. बासुंदीत, खव्याच्या मिठाईत हातावरून स्टॅफिलोकोकस हा दुसरा जिवाणू जातो, त्याचंही वेळापत्रक जवळपास हेच. "चांगलं खळखळून उकळलंय की, काय हुतंय?" ही सगळ्यात मोठी चूक. ही विषं उकळून जात नाहीत, आणि वास-चवीवरूनही कळत नाहीत. उरलेलं अन्न दोन तासांत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे, एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात तर तासाभरातच.

दुसरी चूक म्हणजे कायम शेवटच्या घासालाच धरणं. साल्मोनेला हा जिवाणू सहा तासांपासून काही दिवसांपर्यंत कधीही त्रास देतो, नोरोव्हायरस 12 ते 48 तासांनी. म्हणजे आजच्या उलटीचं मूळ परवाच्या लग्नातही असू शकतं.

तासगावकडच्या द्राक्षबागांत कीडनाशक औषध मारून, हात नुसते पाण्याखाली धरून बांधावरच भाकरी सोडली जाते. अशा माणसाला उलटीबरोबर लाळ गळणं, दरदरून घाम, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणं दिसलं तर मिठाचं पाणी पाजून आणखी ओकायला लावू नका. अंगावरचे कपडे काढा, अंग साबणाने धुवा आणि औषधाचा डबा बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठा.

आता ते पित्त. तेलकट खाल्ल्यावर उजव्या बरगडीखाली कळ येऊन पाठीत जात असेल, तर पित्ताशयात खडे असू शकतात (म्हणजे नाव बरोबर, उपाय चुकीचा). छातीत दाब आणि घाम असेल तर सोडा-लिंबात वेळ घालवू नका, तो हार्ट अटॅकही असतो. उपाशीपोटी घेतलेली वेदनाशामक गोळी, नव्याने सुरू झालेली मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी, चुकलेली पाळी हेही आठवून बघा.

उलटी थांबताच तांब्याभर पाणी ढोसू नका, ते परत येतं. दहा-पंधरा मिनिटं थांबून ओआरएस चमच्या-चमच्याने. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. कपाटातली उरलेली अँटिबायोटिक या विषांवर चालत नाही.

उलटीत रक्त किंवा कॉफीच्या गाळासारखं काही दिसलं, आठ तास लघवी झाली नाही, पोट कडक झालं, तर वाट बघू नका. लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर आधीच निघा. डॉक्टरांना काय खाल्लं, किती वाजता, आणि तेच खाल्लेल्या आणखी कुणाला त्रास झालाय का, ते सांगा. आमच्याकडे भेळ तिघांनी खाल्ली होती, भात मी एकट्यानेच.