नाताळची भेट घरच्या घरी: कामट्यांची चांदणी, डाळिंबाच्या रंगाचा पंचा आणि शेंगाचटणी

नाताळच्या भेटवस्तू घरीच करायच्या ठरवल्या, तर सोलापूरकराला सामानासाठी वणवण करावी लागत नाही. पंचे आणि टॉवेल इथल्याच मागांवर विणले जातात, शेंगाचटणी घरोघरी कुटली जाते, खेड्यात नातेवाईक असले की कडब्याची पेंढी सहज मिळते आणि दिवाळीच्या आकाशकंदिलांसाठी आणलेल्या कामट्या व रंगीत कागद बहुतेक घरांत माळ्यावर शिल्लक असतात. भेट अशी असावी की सण संपल्यावरही ती घरात वापरात राहावी, असे मला मनापासून वाटते. म्हणून शोभेच्या वस्तू येथे थोड्याच घेतल्या आहेत. चांदणी आणि रंगकाम डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात उरकावे. चटणी मात्र २२ किंवा २३ तारखेलाच कुटावी, कारण तिची खरी चव ताजेपणात असते.

कामट्यांची चांदणी

पूर्वेकडून आलेल्या मागी, म्हणजे ज्ञानी लोकांना ताऱ्याने बाळ येशूकडे जाण्याची वाट दाखवली, असे बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानात सांगितले आहे, आणि म्हणूनच डिसेंबर लागला की ख्रिस्ती घरांच्या दारांवर चांदणी चढते. ज्याने एकदा आकाशकंदील बांधला आहे त्याला ती अवघड जात नाही. फक्त मापे नेमकी असावी लागतात.

बुरुडाकडून ६० सेंटिमीटर लांबीच्या १० आणि १२ सेंटिमीटर लांबीच्या ५ कामट्या तासून घ्याव्यात आणि कुसळ राहू नये म्हणून त्यांवर पॉलिश पेपर फिरवावा. प्रत्येक लांब कामटीवर दोन्ही टोकांपासून २३ सेंटिमीटरवर पेन्सिलीने खूण करावी, म्हणजे मध्ये साधारण १४ सेंटिमीटर उरतात. या खुणा टाळून चालत नाही. आमच्या घरची पहिली चांदणी नजरेच्या अंदाजाने बांधली होती आणि तिचे एक टोक शेवटपर्यंत आखूड राहिले. खुणा केल्यापासून तसे पुन्हा झालेले नाही.

आता पाच कामट्या टोकाला टोक बांधून त्यांची साखळी करावी. लहान मुले पेन न उचलता पाच रेघांत चांदणी काढतात, अगदी तशीच ही साखळी जमिनीवर दुमडावी आणि शेवटचे टोक पहिल्या टोकाला आणून बांधावे. कामट्या जेथे एकमेकींना छेदतात, तेथे एकीची खूण दुसरीच्या खुणेवर बसली पाहिजे. एक कामटी वरून आणि दुसरी खालून अशी गुंफण घालून हे पाचही छेद जाड सुताने घट्ट बांधावेत. उरलेल्या पाच लांब कामट्यांची अशीच दुसरी चांदणी करावी, ती पहिलीवर ठेवावी आणि दोहोंची पाच टोके एकत्र बांधून टाकावीत. आखूड कामट्यांच्या दोन्ही टोकांना चाकूने लहान खाच पाडून त्या दोन्ही चांदण्यांच्या मध्ये, पाच छेदांच्या जागी, उभ्या बसवाव्यात. पाचवी कामटी बसताच सपाट सांगाडा फुगून उभा राहतो, आणि तो क्षण मुलांना आवर्जून पाहू द्यावा.

कागद पतंगाचा असला तर प्रकाश छान पसरतो. प्रत्येक कोनावर कागद ठेवून आकार उतरवावा आणि चिकटवण्यासाठी चहूबाजूंनी दीड सेंटिमीटर जास्त कापावा. समोरचे व मागचे मिळून १० त्रिकोण, कडेचे १० निमुळते त्रिकोण आणि मध्यभागी दोन पंचकोन, असे एकूण २२ तुकडे लागतात. मैद्याची खळ घट्टसर शिजवावी; पातळ खळीने कागद भिजून फाटतो. कडेचा एक त्रिकोण तीनपैकी एकाच बाजूने चिकटवावा, म्हणजे तेथून दिवा आत सोडता येतो. दिवा एलईडीचाच आणि पाच वॉटपेक्षा जास्त नसलेला घ्यावा. मेणबत्ती किंवा तापणारा जुना बल्ब कागदाच्या चांदणीत कधीही ठेवू नये.

कडब्याच्या धाटांची गव्हाणी

येशूच्या जन्माचा देखावा मांडण्याच्या प्रथेचा उगम असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो येथे मांडलेल्या गव्हाणीत मानला जातो. आपल्याकडे धाटांची बैलगाडी करण्याची जी जुनी रीत आहे, तीच येथे वापरावी: ज्वारीच्या वाळल्या धाटाची साल सोलून तिच्या टोकदार काड्या कराव्यात आणि आतल्या मऊ गाभ्याचे तुकडे त्या काड्यांनी एकमेकांत टोचून चौकट, छप्पर व लहानशी गव्हाण उभी करावी. डिंक लागत नाही. सालीची धार बोट कापण्याइतकी तीक्ष्ण असते, म्हणून सोलण्याचे काम मोठ्यांनी करावे.

डाळिंबाच्या सालींत रंगवलेला पंचा

सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, परंतु आपण दाणे खातो आणि साली फेकून देतो. या सालींत टॅनिन भरपूर असते आणि तुरटीची जोड मिळाली की सुती कापडावर त्यापासून मोहरीसारखा पिवळा रंग चढतो. नोव्हेंबरपासूनच साली उन्हात वाळवून साठवाव्यात.

पाव किलो वजनाच्या पांढऱ्या सुती पंचांना पाव किलो वाळल्या साली आणि ४० ग्रॅम तुरटी पुरते. नव्या कापडाला कांजी असते आणि तिच्यामुळे रंग डागाडागांनी बसतो, म्हणून पंचे आधी धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात अर्धा तास उकळून स्वच्छ खळबळून घ्यावेत. नंतर तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात पंचे रात्रभर बुडवून ठेवावेत. साली वेगळ्या भांड्यात रात्रभर भिजत घालाव्यात, सकाळी मंद आचेवर तासभर उकळून पाणी गाळून घ्यावे, आणि त्यात पिळलेले पंचे घालून पाऊण तास अगदी मंद आचेवर, अधूनमधून वरखाली करत ठेवावेत. गॅस बंद केल्यावर पंचे त्याच पाण्यात निवू द्यावेत. भांडे स्टीलचे असावे. लोखंडी कढईत हाच रंग काळपट हिरवा होतो, जो काहींना आवडतोही. रंगकामाचे भांडे पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये. पंचे सावलीत वाळवावेत आणि पहिल्या दोन-तीन धुण्यांना वेगळे धुवावेत, ही सूचना भेट देताना तोंडी सांगावी.

शेंगाचटणी

पाव किलो शेंगदाणे जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर बारा-पंधरा मिनिटे भाजावेत. फोडलेला दाणा आतून बदामी दिसला की आच बंद करावी. घाई करून आच वाढवली तर साल करपते आणि दाणा आतून कच्चा राहतो, आणि मग ती कडवट चव कशानेही झाकत नाही. दाणे पूर्ण गार झाल्यावर १५ लसूण पाकळ्या, एक चमचा जिरे, दोन मोठे चमचे लाल तिखट आणि चवीपुरते मीठ घालून उखळात थोडे थोडे कुटावे. सोलापुरी चटणी पूडीसारखी कोरडी नसते. कुटता कुटता दाण्याचे तेल सुटते, चटणी मुठीत दाबली तर गोळा होतो आणि बोटांना तांबूस तेल लागते, तेव्हा ती झाली असे समजावे. मिक्सर वापरायचा असल्यास तो क्षणभर फिरवून लगेच थांबवावा, नाहीतर लगदा होतो.

काचेची बरणी उन्हात कडकडीत वाळवून तीत चटणी दाबून भरावी. बाहेर ती साधारण पंधरा दिवस चांगली राहते, मात्र चमचा कोरडा हवा. बरणी पंचाच्या मधोमध ठेवून समोरासमोरचे पदर दोनदा गाठ मारून बांधावेत, म्हणजे वेष्टनाचा वेगळा कागद लागत नाही. गाठीत जाड कागदाची चिठ्ठी अडकवावी आणि तिच्यावर शुभेच्छांखाली चटणी कुटल्याची तारीख व ‘यात शेंगदाणे आहेत’ असे स्पष्ट लिहावे, कारण काहींना शेंगदाण्याची ॲलर्जी असते. ज्या घरून दिवाळीत फराळाचे ताट आले होते आणि अजून परत गेलेले नाही, त्या घरी हे गाठोडे त्याच ताटात, करंज्यांच्या शेजारी ठेवून, चोवीस तारखेच्या संध्याकाळी पोहोचते करावे.