सीडीके२ ची ट्यूब फ्रीजरबाहेर काढायच्या आधी

आधी लेबल वाचा, कारण सीडीके२ (दुसऱ्या प्रोटीनवर फॉस्फेट बसवणारं एन्झाइम, पेशी-विभाजनात लागतं) एकटं मागवलंय की सायक्लिनसकट (त्याला चालू करणारं जोडीदार प्रोटीन) हे बरेच जण बघतच नाहीत. नुसतं सीडीके२ जवळपास काहीच काम करत नाही, त्याला सायक्लिन ए किंवा ई चिकटलेलं लागतं आणि वर १६० नंबरच्या थ्रिओनिनवर (प्रोटीनच्या साखळीतलं एक अमिनो आम्ल) फॉस्फेट बसलेलं लागतं, म्हणून डेटाशीटवर सायक्लिन कुठलं आणि स्पेसिफिक ॲक्टिव्हिटी (ठराविक वजनाचं एन्झाइम किती काम करतं) किती हे दोन्ही सापडल्याशिवाय पुढे जाऊ नका. टॅगही (प्रोटीन शुद्ध करायला जोडलेला जादा तुकडा) बघून ठेवा. प्रोटीन साधारण ३४ किलोडाल्टनचं, जीएसटी टॅग असेल तर अजून २६, नाहीतर जेलवर ६० जवळ बँड बघून उगाच पोटात गोळा येतो.

पार्सल आलं की ड्राय आइस शिल्लक आहे का बघायचं, लॉट नंबर वहीत लिहायचा, आणि ट्यूब सरळ उणे ८० ला. भाग पाडायचे ते पहिल्यांदा वितळवाल तेव्हाच, समजा १० मायक्रोग्रॅम आहे आणि कॉन्सन्ट्रेशन ०.१ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, म्हणजे १०० मायक्रोलिटर झालं, त्याचे १०-१० चे दहा भाग होतात, तर दहा लो-बाइंडिंग (प्रोटीन कमी चिकटणाऱ्या) ट्यूबा आधीच नावं घालून बर्फात गार करून ठेवा, ट्यूब वितळल्यावर मार्कर शोधत बसायचं नाही. परत परत गोठवणं-वितळवणं यानेच एन्झाइम मरतं.

बफर (पीएच स्थिर ठेवणारं रिॲक्शनचं द्रावण) आदल्या दिवशी करा. हेपीस पीएच ७.५, मॅग्नेशियम क्लोराइड १० मिलिमोलर, थोडं बीएसए (एन्झाइम सांभाळणारं साधं प्रोटीन), डीटीटी (एन्झाइमचं ऑक्सिडेशन टाळणारं) मात्र त्याच दिवशी ताजं टाकायचं. ईडीटीए चुकूनही नको, ते मॅग्नेशियम ओढून घेतं आणि रिॲक्शनच बंद पडते (शेवटी थांबवायला तेच कामाला येतं म्हणा).

एटीपीबद्दल, म्हणजे रिॲक्शनला फॉस्फेट पुरवणाऱ्या रेणूबद्दल, मी जरा जास्तच बोलणार. त्याचं डायसोडियम मीठ पाण्यात विरघळवलं की द्रावण चांगलंच आम्ल होतं, सोडियम हायड्रॉक्साइडने ७ च्या आसपास आणावं लागतं, मी एकदा ते न करता स्टॉक ठेवून दिला आणि महिनाभर तोच वापरला, सिग्नल दर वेळी थोडा खाली, आणि मी सगळा दोष एन्झाइमला देत बसले होते. पीएच पट्टीचा एक तुकडा बुडवला असता तरी कळलं असतं. छोटे भाग करून गोठवा, उरलेलं टाकून द्या.

सबस्ट्रेट, म्हणजे ज्याच्यावर फॉस्फेट बसणार ते प्रोटीन, म्हणून हिस्टोन एच१ चालतं. कंट्रोल तीन तरी हवेत, एन्झाइम नसलेला, सबस्ट्रेट नसलेला, आणि स्टॉरोस्पोरिन (एन्झाइम बंद पाडणारं) घातलेला, आणि डीएमएसओ (असली रसायनं विरघळवायचं द्रावक) प्लेटच्या सगळ्या वेल्समध्ये सारखंच, एक टक्क्याच्या आत. इनहिबिटर (एन्झाइम रोखणारं रसायन) तपासायच्या आधी नुसत्या एन्झाइमच्या पातळ्या आणि वेळा लावून सिग्नलची सरळ रेष कुठपर्यंत मिळते ते काढा, सबस्ट्रेट दहा टक्क्यांपेक्षा जास्त संपलं की आकडे फसवतात. ही पायरी घाईत गाळली जाते, आणि मग पुढचे सगळे ग्राफ संशयास्पद.

प्लेटचा नकाशा कागदावर काढून झाला, टायमर लावला, पिपेट सेट केलं, बर्फाचा डबा हाताशी आहे, आता ट्यूब काढा. बर्फातच वितळू द्या, व्हॉर्टेक्स नको, दोन-चार सेकंद स्पिन पुरे. ग्लिसरॉलमुळे द्रव जाड असतो, तर टिपचं टोक जेमतेम बुडवून हळू ओढा आणि बाहेरून लटकलेला थेंब ट्यूबच्या कडेला टेकवून काढा, मगच बफरमध्ये सोडा.